औषधाचे माप आणि लेकराचे ताट



या पानावर आम्ही एरवी लिहितो ते बेण्याविषयी, खोडव्याविषयी, पाचटाविषयी आणि एकरी टनाविषयी. या अंकात मात्र ताटाविषयी लिहिणार आहोत. ऊस विकास खात्याच्या माणसाने लोकांच्या ताटात कशाला डोकवावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. शेतात जे पडते त्यातले थोडेफार ताटात येते, आणि शेतात काय व किती पडावे हे सांगण्याचे काम आमच्या खात्याकडे आहे. तेव्हा हिशेबाची पुढची ओळही आम्हीच मांडली पाहिजे.

औषधांच्या विषबाधेचा विषय निघाला की लोकांना यवतमाळ आठवते. सन २०१७ च्या हंगामात त्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी व शेतमजूर दगावले. ती फवारणाऱ्याच्या अंगावर आलेली विषबाधा. तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका, हे आम्ही वारंवार सांगतो आणि सांगत राहू. आजचा विषय वेगळा आहे. ज्याने पंपाला कधी हात लावला नाही, जो शेतात पाऊल टाकण्याएवढा मोठाही झाला नाही, त्याच्या पोटात काय जाते, हा तो विषय.

बाप साठ किलोचा, नातू बारा किलोचा

गटात फिरताना एक वाक्य हमखास कानी पडते. "साहेब, आमना बापनी जलमभर फवारं, त्याले काय व्हयनं?" बोलणारा खोटे बोलत नसतो. पण या वाक्यात हिशेबाची एक चूक आहे.

कोणत्याही विषाचे माप माणसामागे धरत नाहीत, वजनाच्या किलोमागे धरतात. जनावराला औषध पाजताना आपण म्हशीचे माप वेगळे आणि पारडाचे वेगळे ठेवतो, तसेच हे. आता दुधाचे उदाहरण घ्या. घरचा कर्ता माणूस साठ किलोचा. त्याच्या दिवसभराच्या चहात मिळून २०० मिलिलिटर दूध जाते असे धरू. म्हणजे वजनाच्या किलोमागे साडेतीन मिलिलिटरही पडत नाही. त्याचा दोन वर्षांचा नातू बारा किलोचा. तो दिवसाला अर्धा लिटर दूध पितो, म्हणजे किलोमागे चाळीस मिलिलिटरच्या वर. दूध एकाच म्हशीचे, पातेले एकच, पण त्या दुधात काही वावगे असेल तर नातवाच्या वाट्याला ते आजोबाच्या बारापट येते. आजोबाला नातवाची बरोबरी करायची तर रोज अडीच लिटर दूध प्यावे लागेल.

शिवाय लहान मुलाचे खाणे मोजक्या चार जिनसांचे असते. दूध, केळे, खिचडी, वरणभात. मोठा माणूस दहा प्रकारचे खातो, त्यामुळे एखाद्या जिनसात दोष असला तरी तो वाटला जातो. मुलाच्या बाबतीत तसे होत नाही. विष निवळून बाहेर टाकणारे यकृत आणि मूत्रपिंड पहिल्या वर्षात पुरते तयार झालेले नसते, आणि मेंदूची बांधणी तर त्याच वयात चालू असते.

आम्ही काही नवीन सांगत आहोत असे नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९३ साली लहान मुलांच्या आहारातील कीटकनाशकांवर एक मोठा अहवाल काढला. मुले म्हणजे छोट्या आकाराची मोठी माणसे नव्हेत, त्यांचा हिशेब स्वतंत्र धरला पाहिजे, हा त्याचा मथितार्थ. त्यावरून १९९६ साली तिथे कायदा झाला आणि अन्नातील औषधाच्या अंशाची मर्यादा ठरवताना मुलांसाठी दहापट जादा खबरदारी धरण्याचे ठरले.

घरातले दुसरे टोक म्हणजे म्हातारी माणसे. वयोमानाने मूत्रपिंडे मंदावतात, त्यात रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू असतात. आत आलेले बाहेर पडायला त्यांना जास्त वेळ लागतो. आणि गरोदर बाईचे ताट म्हणजे एका ताटात दोन जिवांचे जेवण. म्हणजे ज्या तगड्या माणसाकडे बोट दाखवून आपण "त्याले काय व्हयनं" म्हणतो, तोच घरात सर्वांत सुरक्षित. माप त्याच्यावरून ठरवले की पाळण्यातले मूल आणि बाजेवरची म्हातारी दोघेही हिशेबातून सुटतात.

दुधाची गोष्ट

जुन्या सभासदांना गॅमेक्झिनची पांढरी भुकटी आठवत असेल. बीएचसी म्हणत तिला. पिकात तीच, धान्याच्या कोठीत तीच, जनावरांच्या गोचिडांवरही तीच. डीडीटी तर हिवतापासाठी घरोघर भिंतींवर फवारले जाई. ही दोन्ही औषधे वर्षानुवर्षे नाश पावत नाहीत आणि चरबीत जाऊन बसतात. चाऱ्यातून जनावराच्या अंगात, तिथून दुधाच्या स्निग्धांशात, आणि दुधातून पिणाऱ्याच्या अंगात, असा त्यांचा प्रवास.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने तपासले. त्याचा अहवाल १९९३ साली आला. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डीडीटीचा अंश सापडला. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा. ३७ टक्के नमुने तिच्या वर होते. आणि मर्यादेबाहेरच्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत जास्त कोणत्या राज्यात? आपल्या महाराष्ट्रात, ७४ टक्के. त्याच कामात बाळांच्या डब्यातल्या दूध-भुकटीचे २० छापांचे १८६ नमुने पाहिले. त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत बीएचसी निघाले. म्हणजे वरचे दूध घ्या की डबा आणा, सुटका नव्हती.

शेतीतील डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला, बीएचसीवर १९९७ साली बंदी आली, आणि त्यानंतर दुधातले हे अंश उतरत गेले. हा भाग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. शेतातले थांबवले की ताटातले कमी होते, एवढे त्यातून सिद्ध झाले. मात्र बंदी येईपर्यंतच्या काळात ज्यांचे बालपण गेले, ती तुमच्याआमच्यातलीच माणसे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण अर्धवट ऐकून कोणी भलते करू नये. आईच्या दुधातही असे अंश सापडलेले आहेत, तरीही बाळाला आईचे दूध तोडायचे नाही. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध, हा डॉक्टरांचा आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे. त्याचा फायदा कितीतरी मोठा आहे. काळजी घ्यायची ती आईच्या ताटाची.

आज दुधाच्या बाबतीत आपल्या हाती काय आहे? तोडणीच्या वेळचे वाढे हा मोठा धोका नव्हे, कारण आपली बहुतेक औषधे उसाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत पडतात. धोका आहे तो त्या काळातल्या हिरव्या गवताचा. उसात दाणेदार औषध टाकले किंवा तणनाशक मारले, आणि चार दिवसांनी घरची माणसे त्याच सरीतले, त्याच बांधावरचे गवत कापून म्हशीपुढे टाकतात. औषध मारणाऱ्याने घरात सांगितलेले नसते. ज्या प्लॉटला औषध दिले तिथे काठीला फडके बांधून ठेवा आणि डब्यावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत तिथला चारा आणू नका. याला पैसा लागत नाही.

उसातली मेथी

सुरू उसाच्या लागणीत कांदा, कोथिंबीर, मेथी, पालक घ्या, असा आग्रह आमच्याच खात्याचा असतो. लागणीचा खर्च त्यातून निघतो, हे खरे आहे. पण त्याच दोन महिन्यांत खोडकिडीसाठी सरीत दाणेदार औषध टाकण्याची घाई असते. ही औषधे बहुधा आंतरप्रवाही असतात. मुळावाटे रसात चढतात आणि पानापर्यंत पोचतात. उसाला ते चालते, कारण ऊस दहा-बारा महिन्यांनी तुटणार. मेथी मात्र महिन्याभरात जुडी बांधून बाजारात जाते, नाहीतर घरी भाजीला येते. पानातले औषध वरून धुतल्याने जात नाही. धुतल्याने जाते ते वर बसलेले, तेही सगळे नाही.

भरिताच्या वांग्याचेही तसेच. आपल्या खान्देशात हिवाळा आला की भरीत आणि कळण्याची भाकरी हवीच, शेतातल्या भरीत पार्ट्या हव्यात. वांग्याला शेंडे व फळे पोखरणारी अळी पडते म्हणून सारखी फवारणी करावी लागते. औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते की फवारल्यावर अमुक दिवस काढणी करू नये. वांगी तर दर तीन-चार दिवसांनी तोडावीच लागतात. मग तो नियम कोण पाळतो?

काही घरांत शहाणपण म्हणून एक ओळ न फवारता राखतात, घरच्या खाण्यासाठी. यावर आमचे स्पष्ट मत आहे. ज्या मालाला आपण आपल्या लेकराच्या ताटात जागा देत नाही, तो दुसऱ्याच्या लेकरासाठी पाटीत भरणे बरे नव्हे. आणि व्यवहार म्हणूनही ते फसवे आहे. आपल्या मळ्यात सगळ्याच भाज्या पिकत नाहीत. वांगी आपली असली तरी टमाटे शेजारच्या गावचे, कोबी तिसऱ्या तालुक्यातला. त्यांनीही घरापुरती ओळ राखली असेल तर त्यांची उरलेली वाफ्यातली भाजी आपल्याच घरी येते.

कायदा काय म्हणतो तेही ध्यानात ठेवा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई आहे. एन्डोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. फोरेट, ज्याला आपण थिमेट म्हणून ओळखतो, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कोणाच्या कोठीत जुना डबा पडला असेल तर "वाया कशाला घालवायचा" म्हणून तो शेतात रिकामा करू नका.

विहिरीचे पाणी आणि युरियाची गोणी

आता खताकडे येऊ, कारण पाणी हेही खाण्यातच मोडते. सुरू उसाला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. एकरी शंभर किलो धरा. सगळे नत्र युरियातून दिले तरी ४५ किलोच्या पाचच गोण्या होतात, त्याही चार हप्त्यांत. प्रत्यक्षात काय पडते ते ज्याचे त्याला ठाऊक. पिकाने न उचललेले नत्र पाट-पाण्याबरोबर नायट्रेट होऊन खाली उतरते आणि विहिरीत जाते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही आपल्या देशाची मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत त्याहून जास्त नायट्रेटचे पाणी आढळलेले आहे. त्याला खताबरोबर गोठ्यांचे आणि गावाचे सांडपाणीही कारण असते, पण खताचा वाटा आपल्या हातातला.

मोठ्या माणसाला ते पाणी सहसा जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे तसे नाही. त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तात मिसळते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करते. ओठ, नखे निळसर पडतात. हगवण लागलेली असेल तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतील आयोवा या शेतीप्रधान राज्यात शेतावरच्या विहिरींच्या पाण्याने बाळे अशी निळी पडतात, हे एका डॉक्टरने १९४५ सालीच मांडले होते. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका नाही, कारण नायट्रेट दुधात फारसे उतरत नाही. धोका आहे तो डब्याची भुकटी विहिरीच्या पाण्यात कालवली, किंवा वरचे दूध पाणी घालून पातळ केले तर. तीन महिन्यांचे बाळ किलोमागे दीडशे मिलिलिटर पातळ अन्न पिते. साठ किलोच्या माणसाने त्या हिशेबाने प्यायचे तर दिवसाला नऊ लिटर होईल! "आम्ही पाणी उकळतो" असे काही जण सांगतात. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटले की त्याचे प्रमाण उलट वाढते.

इथे तोडणीच्या टोळ्यांचाही विचार करा. शेताच्या कडेला कोप्या पडतात, त्यात तान्ही लेकरे असतात, आणि पिण्याला पाणी आपल्याच उसातल्या विहिरीचे. आपल्या घरी नळ आला असेल, त्यांच्या कोपीला आलेला नाही.

डबा, बाटली आणि शाळेतले जेवण

वरचे सगळे थोडे थोडे आणि सावकाश घडणारे. एका दिवसात घडलेले दाखले हवे असतील तर तेही आहेत. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात पॅराथिऑन मिसळले गेले. हेच ते आपले फॉलिडॉल. अन्न आणि औषध यांची वाहतूक एकत्र झाली, आणि शंभरावर माणसे मेली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला तो अशाच घटनांच्या पोटी. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले गेली. तपासणीत अन्नात आणि तेलाच्या डब्यात मोनोक्रोटोफॉस सापडले. दोन्ही घटनांत कोणाला मारायचा हेतू नव्हता. औषध आणि अन्न एका जागी आले, इतकेच. औषधाच्या रिकाम्या डब्यात तेल, धान्य, पाणी ठेवलेले आमच्या कार्यक्षेत्रात कोणत्याच घरात दिसू नये.

मग खावे काय?

इतके वाचून कोणी म्हणेल, सगळ्यातच विष, मग खावे काय? आमचे म्हणणे तसे नाही. भाजी, दूध, केळी बंद करणे हा वेडेपणा होईल. त्यावाचून मुलांची वाढ खुंटते. भाजी खावीच, वाहत्या पाण्यात धुऊन, जमेल ती सोलून खावी. आणि ती पिकवणारे आपणच असल्याने सुधारणेची सुरुवातही आपल्यापासून व्हायला हवी.

"औषध कमी केले तर टन घटेल" हा दुसरा आक्षेप. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला तेव्हा लोकांनी फवाऱ्यांवर फवारे मारले. शेवटी त्याला आवरले ते डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. खोडकिडीला ट्रायकोकार्ड आहेत. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करता येतात. गावाने मिळून केले तर पुष्कळ फरक पडतो. खत ठिबकातून थोडे थोडे दिले तर वाया कमी जाते. औषध वर्ज्य करा असे आम्ही म्हणत नाही. ते शेवटी यावे, आणि मापात यावे.

येत्या वार्षिक सभेपुढे सभासदांनी तीन गोष्टी मांडाव्यात, अशी आमची विनंती आहे. कारखान्याच्या स्टोअरमधून उधारीवर औषध देताना चिठ्ठीवर "आंतरपीक आहे काय" हा रकाना असावा, आणि पालेभाजी असेल तर दाणेदार औषध न देता ट्रायकोकार्ड द्यावे. दुसरे, मातीच्या नमुन्याबरोबर विहिरीच्या पाण्याचाही नमुना घ्यावा आणि तो भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेतून तपासून आणावा. ज्या विहिरीत नायट्रेट जास्त निघेल तिथे तशी पाटी लावावी. तिसरे, टोळ्यांच्या कोप्यांवर पिण्याचे पाणी टँकरने द्यावे. खर्च होईल, तो ऊस विकासाच्या तरतुदीतून व्हावा. एकरी उत्पादनाच्या स्पर्धेला आपण बक्षिसे ठेवतो. त्याच पैशातून थोडे इकडे वळवले तर कोणाची हरकत असू नये. हरकत असलीच तर ती सभेत उभे राहून सांगावी, आम्ही उत्तर द्यायला हजर राहू.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. पंपात औषध ओतण्याआधी घरातल्या सर्वांत लहान जिवाचे वजन किती, ते आठवावे, आणि मग माप घ्यावे.